संगणक घरचा, लेखांक ७ : न मागता आलेलं सॉफ्टवेअर

नवा लॅपटॉप घरी येऊन महिना होत नाही तोच खालच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकट वर सरकते. लाल फुली, आणि शेजारी मजकूर : तुमचं संरक्षण संपत आलंय, लगेच पैसे भरा. उचगाव-गांधीनगर पट्ट्यात दुकानाच्या बिलिंगसाठी किंवा पोरांच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घेतलेल्या कितीतरी जणांना ही चौकट ओळखीची आहे. पुष्कळांना वाटतं, व्हायरस शिरला. प्रत्यक्षात कारखान्यातूनच भरून आलेल्या अँटीव्हायरसची फुकट वापराची मुदत संपत आलेली असते.

हे भरतं कोण आणि का? लॅपटॉप बनवणाऱ्याला एका नगामागे फार पैसे सुटत नाहीत. मग अँटीव्हायरस, गेम, खरेदीची ॲप बनवणाऱ्या कंपन्या त्याला पैसे मोजतात आणि आपला माल आत बसवून घेतात. पूर्ण किंमत आपण मोजलेली असते, तरीही आपल्या पडद्यावरची जागा परस्पर विकली जाते. मला हे अन्यायाचं वाटतं.

प्रकरण नुसत्या अडगळीवर थांबत नाही. २०१४ च्या अखेरीस लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर भरून आलं. बँकेच्या पानासारख्या सुरक्षित पानांतही डोकावता यावं म्हणून त्यानं विंडोजमध्ये स्वतःचं प्रमाणपत्र बसवलं होतं, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका सुरक्षातज्ज्ञानं तिचा पासवर्ड फोडून दाखवला. म्हणजे एकाच वायफायवर बसलेल्या चोरट्याला खोटी बँक खरी म्हणून दाखवता आली असती. अमेरिकेत २०१७ साली तडजोड झाली आणि लेनोवोनं ३५ लाख डॉलर भरले.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. लॅपटॉपमध्ये एक अँटीव्हायरस आधीच असतो, दुकानदार वर दुसरा घालून देतो. दोघं एकाच फाइलवर पहारा देऊ लागले की मशीन रडतखडत चालतं. एकच ठेवा. पैसे भरून घेतलेला असेल तर तो; नाहीतर दोन्ही काढा. मग विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे.

ही सफाई पहिल्याच दिवशी करावी. गुऱ्हाळावर मळी काढतात ती रस उकळत असताना, गूळ ढेपेत बसल्यावर नाही. फोटो, हिशेब, पोरांचे प्रोजेक्ट एकदा आत गेले की हात आखडतो.

सेटिंग्ज उघडा, ॲप्समध्ये जा, तिथं बसवलेल्या ॲपची यादी दिसेल. ती तारखेनुसार लावा : तुम्ही स्वतः काही घालण्याआधीच्या तारखेचं जे आहे, ते बहुतेक भरून आलेलं. गेम, खरेदीची ॲप, मुदतीचा अँटीव्हायरस, न मागितलेली क्लाउड साठवण बिनधास्त काढा. नावापुढच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारली की ‘अनइन्स्टॉल’ दिसतं. मात्र इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, रिअलटेक ही नावं दिसली की हात लावू नका. पडदा, आवाज, वायफाय त्यांच्यावर चालतं. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ नावाच्या चारपाच नोंदी वेगवेगळ्या सालांच्या दिसतील. जुन्या म्हणून त्या उडवल्या, की एखादं हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेनासं होतं. आणि ऑफिस काढण्याआधी खोक्यावर काय छापलंय ते वाचा. काही लॅपटॉपबरोबर कायमचं ऑफिस येतं. ते आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या.

काढूनही परत उगवत असेल तर? ‘रिसेट’नं भागेलच असं नाही, कारण उत्पादकानं घातलेलं त्यात पुन्हा येऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर कोरी विंडोज घ्या आणि तीच नव्यानं घाला. लायसन्सची काळजी नको. विंडोजसह विकल्या जाणाऱ्या आजकालच्या लॅपटॉपची किल्ली मदरबोर्डमध्येच असते, विंडोज ती स्वतः ओळखते. आपल्या फाइलींची प्रत आधी बाहेर काढून ठेवा, आणि वायफायचा ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. तो नसला तर विंडोज ११ चं सेटअप इंटरनेट मागत मध्येच अडून बसतं.

एका क्लिकमध्ये सगळं साफ करून देणाऱ्या ‘क्लीनर’च्या नादाला मात्र लागू नका. २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीसीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोचली. विंडोजच्या सेटिंग्जमधला ‘स्टोरेज’ विभाग तात्पुरत्या फाइली काढायला पुरेसा आहे.

काही गोष्टी मात्र आपल्याला काढूच दिल्या जात नाहीत. युरोपात २०२४ पासून नव्या कायद्यामुळे विंडोजमधला एज ब्राउझर मुळापासून काढता येतो. सॉफ्टवेअर तेच, पण उचगावच्या गिऱ्हाइकाला ते बटण मिळत नाही. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला, त्यात आधीच भरून दिलेल्या ॲपचा मुद्दा होताच. संगणकाबाबतही अशीच दखल घेतली जावी, असं माझं ठाम मत आहे. सध्या एवढं करा : सेटिंग्जच्या ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये जाऊन आपल्या पसंतीचा ब्राउझर लावा, आणि टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीत एज दिसत असेल तर तिथं बंद करा. ती यादी नीट कशी वाचायची, ते पुढच्या आठवड्यात.