संगणकशास्त्र शाखेतील प्रवेश : गुणांची आणि कागदपत्रांची कसोटी

पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था १९५८ साली सोव्हिएत रशियाच्या व युनेस्कोच्या साहाय्याने स्थापन झाली, तेव्हा संगणकशास्त्र नावाची स्वतंत्र शाखा तेथे नव्हती. आज त्याच संस्थेतील संगणकशास्त्र व अभियांत्रिकी या शाखेची जागा देशातील सर्वांत दुर्लभ जागांपैकी एक मानली जाते. २०२४ साली खुल्या गटातील सर्वांसाठीची शेवटची जागा देशात ६८ वा क्रमांक मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास मिळाली. त्या वर्षी जेईई मेन ही पहिली परीक्षा १४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली होती. जेईई ॲडव्हान्स्ड या दुसऱ्या परीक्षेचे दोन्ही पेपर सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थ्यांनी दिले, त्यांपैकी ४८,२४८ उत्तीर्ण ठरले आणि देशातील २३ आय. आय. टी. मिळून सर्व शाखांच्या १७,७४० जागा उपलब्ध होत्या.

हे आकडे पाहून ग्रामीण भागातील पालक आणि कित्येक शिक्षकही हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा म्हणून सोडून देतात. परीक्षेची काठिण्यपातळी कोणी नाकारणार नाही. परंतु या प्रवेशाचा एक भाग गणित व भौतिकशास्त्राशी संबंधित नसून नोंदणी, दाखले, पसंतीक्रम आणि मुदत यांच्याशी संबंधित आहे. या भागात शाळा, तहसील कार्यालय आणि ग्रामपंचायत यांचे साहाय्य निर्णायक ठरू शकते, आणि नेमक्या याच भागाची माहिती गावापर्यंत सर्वांत कमी पोहोचते.

तीन स्वतंत्र नोंदण्या

जेईई मेन ही परीक्षा २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. सामान्यतः जानेवारी व एप्रिल अशा दोन सत्रांत ती होते आणि दोन्ही सत्रांतील अधिक चांगले गुणांकन ग्राह्य धरले जाते. निकाल टक्केवारीत नव्हे, तर पर्सेंटाइलमध्ये लागतो. या दोहोंतील गल्लत पालकांच्या बोलण्यात वारंवार आढळते. ९९ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९९ गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी नव्व्याण्णव त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षार्थी १४ लाख असतील तर ९९ पर्सेंटाइल मिळवूनही सुमारे १४ हजार विद्यार्थी पुढे असतात.

मेनमधील सर्व प्रवर्ग मिळून वरचे सुमारे अडीच लाख विद्यार्थी ॲडव्हान्स्डसाठी पात्र ठरतात. मात्र पात्र ठरणे म्हणजे नाव आपोआप दाखल होणे नव्हे. ॲडव्हान्स्डची नोंदणी वेगळी, तिचे शुल्क वेगळे आणि मुदत अल्प असते. तिचा निकाल लागल्यावर जागावाटपासाठी ‘जोसा’ या संयुक्त प्राधिकरणाकडे तिसरी नोंदणी करावी लागते. ॲडव्हान्स्ड परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदाच देता येते. त्यामुळे एक मुदत चुकणे म्हणजे निम्मी संधी गमावणे होय. शिवाय बारावीत ७५ टक्के गुण, अथवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, ही अट आहेच. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ती ६५ टक्के आहे. प्रवेश परीक्षेच्या नादात कनिष्ठ महाविद्यालयाकडे पाठ फिरविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे इष्ट.

यास जोडूनच आणखी एक बाब. काही पालक मुलांना परराज्यातील शिकवणी वर्गात पाठवितात आणि तेथीलच एखाद्या महाविद्यालयात बारावीस नाममात्र नाव घालतात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये निम्म्या जागा त्या त्या राज्यासाठी असतात आणि उमेदवाराचे राज्य तो बारावी कोठून उत्तीर्ण झाला यावरून ठरते. राजस्थानातून बारावी झालेला विदर्भातील विद्यार्थी नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेतील महाराष्ट्राच्या जागांवरील हक्क गमावतो. आय. आय. टी.मध्ये असा राज्यनिहाय वाटा नाही. पवईत महाराष्ट्राला किंवा फर्मागुढीच्या संस्थेत गोव्याला वेगळ्या जागा राखलेल्या नाहीत.

मराठी कोठपर्यंत?

जेईई मेन २०२१ पासून मराठीसह १३ भाषांतून देता येते. भाषेची निवड अर्ज भरतानाच करावयाची असते आणि भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. ॲडव्हान्स्ड परीक्षा मात्र केवळ इंग्रजी व हिंदीतून होते. म्हणजे मराठीतून पहिली पायरी चढलेल्या विद्यार्थ्यास महिना-दीड महिन्यातच दुसरी पायरी परभाषेतून चढावी लागते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांच्या बाबतीत अकरावीचे पहिले वर्ष पुष्कळदा विषय समजण्याऐवजी शब्द समजण्यात खर्ची पडते. आठवी-नववीपासूनच ‘संवेग’, ‘त्वरण’, ‘विकलन’ या संज्ञांबरोबर त्यांचे इंग्रजी पर्याय फळ्यावर लिहिण्याची सवय शिक्षकांनी ठेवली, तर हे ओझे बरेच हलके होईल. या कामास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

मार्गदर्शनाची विनामूल्य साधनेही उपलब्ध आहेत. आय. आय. टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने ‘स्वयंप्रभा’ वाहिन्यांवरून प्रसारित होतात. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या ‘महाज्योती’ संस्थेने जेईईच्या पूर्वतयारीचे विनामूल्य प्रशिक्षण सुरू केलेले आहे.

दाखल्यांचे दोन महिने

इतर मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक या दोन प्रवर्गांच्या उमेदवारांचा प्रमाणपत्रांच्या बाबतीत मोठा गोंधळ होतो. या प्रवर्गांची प्रमाणपत्रे प्रवेशाच्या वर्षातील १ एप्रिल रोजी किंवा त्यानंतर दिलेली असावी लागतात. गतवर्षी शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला येथे चालत नाही. ॲडव्हान्स्डची नोंदणी एप्रिलअखेर सुरू होते आणि जागावाटप जूनमध्ये. साहजिकच मार्चअखेरची कामे उरकून तालुक्याची कार्यालये श्वास घेत असतात, नेमक्या त्याच वेळी हे अर्ज येऊन पडतात. नोंदणीच्या वेळी दाखला हाती नसल्यास हमीपत्र देण्याची सोय असते. जागावाटपाच्या वेळी मात्र मूळ प्रमाणपत्रच लागते.

दुसरी अडचण नमुन्याची. राज्यातील महाविद्यालयांसाठीचा दाखला आणि केंद्रीय संस्थांसाठीचा दाखला हे एक नव्हेत. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यात असावे लागते आणि ती जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यातील विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग हे विभाग केंद्रीय प्रवेशात नाहीत. त्यांतील ज्या जाती केंद्राच्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत, त्यांच्या उमेदवारांनी त्या प्रवर्गातून अर्ज करावयाचा असतो. सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी राज्याने २०२४ साली केलेल्या कायद्यातील आरक्षणही केंद्रीय संस्थांना लागू नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या केंद्रीय निकषांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असणे पुरेसे नाही. कुटुंबाकडे ५ एकर वा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास उमेदवार अपात्र ठरतो. कोरडवाहू पट्ट्यात सहा एकरांतून किती उत्पन्न निघते हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु नियम जमिनीचा कस विचारीत नाही.

अर्जदाराने कोणता नमुना हवा हे स्पष्ट सांगावे, अशी अपेक्षा कार्यालयांनी ठेवणे गैर नाही. तथापि अर्जदार बहुधा सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. ‘दाखला राज्यासाठी की केंद्रासाठी?’ हा एक प्रश्न खिडकीवरच विचारला गेला, तर पुढील हेलपाटे वाचतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांतील तफावतही वेळीच दूर करून घ्यावी. मुख्याध्यापकांनी नववीतच ही तपासणी केल्यास उत्तम.

पसंतीक्रम भरताना

जोसाच्या नोंदणीत विद्यार्थी संस्था व शाखा यांच्या जोड्या आपल्या आवडीच्या क्रमाने भरतो. या यादीबाबत एक गैरसमज फार रूढ आहे: अशक्य वाटणारी जागा वर लिहिली तर मिळण्याजोगी जागा हातची जाते. २०१५ पासून वापरात असलेल्या पद्धतीत असे होत नाही. विद्यार्थ्याचा विचार प्रथम त्याच्या पहिल्या पसंतीसाठी होतो. तेथील जागा त्याच्याहून वरच्या क्रमांकाच्या उमेदवारांनी भरल्या, तर तो दुसऱ्या पसंतीकडे जातो, आणि तेथे त्याचा क्रमांकच पाहिला जातो. ती जागा त्याने यादीत कितवी लिहिली होती हे पाहिले जात नाही. समजा, ९०० व्या क्रमांकाच्या विद्यार्थिनीने मुंबईचे संगणकशास्त्र पहिले आणि एखाद्या नव्या आय. आय. टी.चे संगणकशास्त्र विसावे लिहिले. त्या नव्या संस्थेस पहिली पसंती देणारा १,००० व्या क्रमांकाचा विद्यार्थी तिची जागा घेऊ शकत नाही. म्हणून यादी मनातील खऱ्या आवडीनुसार आणि भरपूर लांब भरावी. गतवर्षीचे शेवटचे क्रमांक पाहून यादीचा वरचा भाग खोडून टाकण्याचा सल्ला चुकीचा आहे, मग तो कोणीही दिलेला असो.

मुलींसाठी २०१८ पासून अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या असून त्यांचे वाटप वेगळ्या क्रमाने होते. त्यामुळे सर्वसाधारण जागेचा शेवटचा क्रमांक पाहून मुलींनी निराश होण्याचे कारण नाही.

जागा मिळाल्यावर विद्यार्थ्याने तीन पर्यायांतून निवड करावयाची असते. ‘फ्रीझ’ म्हणजे मिळालेली जागा कायम; ‘फ्लोट’ म्हणजे ती स्वीकारून यादीतील वरच्या कोणत्याही जागेसाठी पुढील फेऱ्यांत थांबणे; ‘स्लाइड’ म्हणजे त्याच संस्थेतील वरच्या पसंतीच्या शाखेसाठी थांबणे. वरची जागा मिळताच आधीची जागा आपोआप जाते. म्हणून जी जागा मिळाल्यास खरोखर घ्यावयाची नाही, ती वर लिहू नये. शाखा की संस्था, हा विचारही यादी भरण्यापूर्वीच व्हावा. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याची मुभा काही आय. आय. टी.नी अलीकडे बंद केली आहे. विशेष म्हणजे ज्या संगणकशास्त्रासाठी एवढी चढाओढ, त्याचा एकही प्रश्न या परीक्षांत नसतो. विद्यार्थ्यास तर्कशुद्ध मांडणीची व गणिताची गोडी आहे की केवळ नोकरीच्या वेतनाची ऐकीव माहिती, हे त्याचे शिक्षकच अधिक चांगले सांगू शकतात.

मुदत आणि पैसा

मिळालेली जागा ठरलेल्या वेळेत शुल्क भरून स्वीकारावी लागते. २०२१ साली कार्डाद्वारे पैसे भरण्यात तांत्रिक अडचण आल्याने एका दलित विद्यार्थ्याची मुंबई आय. आय. टी.तील जागा गेली. २०२४ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलास १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत आणि धनबादच्या संस्थेतील जागा हातची गेली. त्याच्या दोन्ही संधी संपलेल्या होत्या. दोन्ही प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ अन्वये हस्तक्षेप करून प्रवेश देण्याचा आदेश दिला. परंतु दुसऱ्या विद्यार्थ्यास त्यासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ दारोदार फिरावे लागले. असा लढा प्रत्येकास देता येत नाही.

आय. आय. टी.चे शिक्षणशुल्क वर्षास २ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांस ते पूर्ण माफ असते. इतरांपैकी ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न १ लाखाच्या आत आहे त्यांना पूर्ण, तर १ ते ५ लाख उत्पन्न असणाऱ्यांना दोन-तृतीयांश माफी मिळते. वसतिगृह व भोजनाचा खर्च मात्र उरतो, आणि जागा स्वीकारण्याची पहिली रक्कम सवलतीची वाट न पाहता भरावी लागते. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेखाली निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांस तारण वा जामिनाविना शैक्षणिक कर्ज मिळते. तथापि कर्ज मंजूर होण्यास वेळ लागतो. निकालापूर्वीच विद्यार्थ्याचे बँक खाते चालू आहे ना आणि त्यातून संगणकाद्वारे पैसे भरता येतात ना, याची खातरजमा करावी. गावात असा एखादा विद्यार्थी असेल तर जूनमधील त्या चार दिवसांसाठी रक्कम उभी करण्याचा विचार ग्रामस्थांनी मे महिन्यातच करून ठेवावा.

जे विद्यार्थी या चाळणीतून पार पडत नाहीत, त्यांच्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. तिच्यात भौतिक व रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही असतात. गणिताचे केवळ इंग्रजीतून. मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था आणि १८५४ साली स्थापन झालेले, २०२२ पासून विद्यापीठाचा दर्जा असलेले पुण्याचे सीओईपी येथील संगणकशास्त्राच्या जागा प्रामुख्याने याच परीक्षेतून भरल्या जातात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींस राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्णतः माफ करण्यात आले आहे. या प्रवेशासाठी दाखले राज्याच्या नमुन्यात लागतात. दोन्हींकडे अर्ज करणाऱ्यांनी दोन्ही नमुन्यांतील दाखले एकाच वेळी मागून घ्यावेत.