लिंबाच्या पानावरचा राजमान्य पाहुणा

गच्चीवरच्या कुंडीतल्या लिंबाची पाने कुरतडलेली दिसतात. नीट पाहिले तर पानावर चिमणीची शिट पडल्यासारखे काहीतरी असते. बोट लावले, की ते हलते! मग फवारणीची बाटली शोधली जाते. थांबा, आधी ही अळी कोणाची आहे ते पाहू. ती कदाचित महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराची असेल.

'ब्लू मॉर्मन', म्हणजेच 'नीलवंत', याला जून २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळाला. असे फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. नीलवंत हे देशातील सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक असून पसरलेल्या पंखांची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर भरते. पंख मखमली काळे. पुढच्या पंखांवर निळसर पट्टे, तर मागच्या पंखांचा बराचसा भाग फिकट निळा आणि त्यावर काळे ठिपके. पंखांच्या खालच्या बाजूला, मुळाशी लाल ठिपके दिसतात. मादीचा निळा रंग नरापेक्षा फिकट असतो. याच कुळातील अनेक फुलपाखरांना असते तशी शेपटी मात्र याला नसते.

घाटातून शहरात

नीलवंताचे खरे घर सह्याद्रीच्या दाट, दमट जंगलात. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचे अरण्य आहे. १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. एकाच तालुक्यात एकीकडे सदाहरित झाडी आणि दुसरीकडे कारखान्यांची शेड! पावसाळ्यात आणि त्यानंतर जंगलवाटांवर हे फुलपाखरू वेगाने, वेडीवाकडी वळणे घेत उडताना दिसते. नर ओल्या मातीवर उतरून क्षार शोषतात, याला 'चिखलपान' म्हणतात. बागेतल्या फुलांवर मध पिण्यासाठीही नीलवंत येतो.

फुलपाखराला मध कोणत्याही बऱ्या फुलातून मिळतो, अळीचे तसे नाही. तिला लिंबू कुळातील झाडच लागते. जंगलात माकडलिंबू, तर माणसांच्या वस्तीत लिंबू आणि पपनस. म्हणूनच पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात एखादे लिंबाचे झाडही या फुलपाखरासाठी मोलाचे ठरते.

अंड्यापासून पंखांपर्यंत

मादी पुढच्या पायांनी पानावर टकटक करून त्याची 'चव' घेते. झाड योग्य वाटले, की एकेक सुटे, गोल अंडे घालते. काही दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला तिचा रंग हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा असतो. शिट कोणता पक्षी खाईल? हेच तिचे संरक्षण. चार वेळा कात टाकल्यावर ती हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. अंगावरच्या डोळ्यांसारख्या खुणांमुळे शत्रू बिचकतो. तरीही कोणी डिवचलेच, तर डोक्यामागून शिंगांसारखी मऊ ग्रंथी बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. या अळीला दंश नाही, खाजरे केसही नाहीत. त्यामुळे मुलांनी ती जवळून पाहायला हरकत नाही.

तीन-चार आठवडे पाने खाऊन झाली, की अळी फांदीला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून कोष करते. आसपासच्या रंगानुसार कोष हिरवा किंवा तपकिरी होतो. साधारण दोन आठवड्यांनी त्यातून ओल्या, चुरगळलेल्या पंखांचे फुलपाखरू बाहेर येते. पंख वाळेपर्यंत त्याला उडता येत नाही.

डास मरावेत, फुलपाखरे नव्हेत

या प्रवासात पक्षी, कोळी आणि परजीवी गांधीलमाश्या बऱ्याच अळ्या टिपतात. तो निसर्गाचा हिशेब झाला. आपण मारलेल्या फवाऱ्याचे तसे नाही. कीटकनाशक डास, अळी आणि मधमाशी यांत भेद करत नाही. डेंगीच्या भीतीने सोसायटीत धुराची मागणी होते. पण धुराने त्या वेळी उडत असलेले डासच मरतात. कुंडीखालच्या ताटलीत, टाकीत आणि टाकून दिलेल्या टायरमध्ये साचलेल्या पाण्यातील डासांच्या अळ्या तशाच राहतात. ते पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकणे हा अधिक खात्रीचा उपाय. त्यात फुलपाखरालाही धोका नाही आणि आपल्या श्वासालाही नाही.

लिंबाची चार पाने गेली, तरी निरोगी झाड पुन्हा फुटते. कुंडीतले रोप अगदीच लहान असेल, तर अळी पानासकट उचलून शेजारच्या मोठ्या लिंबावर ठेवा. छाटणीआधी फांद्यांच्या खाली कोष आहे का, ते पाहा. जागा असेल तर सोसायटीच्या आवारात एक पपनस लावा.

लिंबाच्या पानावरच्या त्या अळीचे कदाचित दुसरेच एखादे फुलपाखरू होईल, कारण या कुळातील अनेकांच्या अळ्या लहानपणी सारख्याच दिसतात. तरीही तिला महिनाभर सवड द्यायला काय हरकत आहे?