मासा सांभाळायचा म्हणजे पाणी सांभाळायचे

नाताळात किंवा मुलांच्या वाढदिवसाला काचेच्या गोल भांड्यात दोन सोनेरी मासे भेट देण्याची चाल आता आपल्या खेड्यांतही आली आहे. दुहेरी शेपटीचे, गोल पोटाचे हे गोल्डफिश दिसतात सुंदर. पण पुष्कळ घरांत ते पंधरवडाभरही टिकत नाहीत. 'मासे नाजूकच असतात' असे सांगून आपण मुलांची समजूत घालतो.

आम्हीही तशीच घातली होती. काही वर्षांपूर्वी आम्हाला असेच एक भांडे भेट मिळाले. धर्मशिक्षणाच्या वर्गाची मुले येता-जाता त्यात चिमूटभर खाद्य टाकीत, आणि खरे सांगायचे तर आम्हीही टाकीत असू. दहाव्या दिवशी दोन्ही मासे पोट वर करून तरंगताना दिसले. वर्गातल्या सर्वांत लहान मुलीने विचारले, "फादर, आपण त्यांना उपाशी ठेवले का?" खरा प्रकार नेमका उलटा होता. आपण त्यांना खाऊ घालून मारले होते. हे आम्हाला पुढे वाचल्यावर आणि जाणत्यांना विचारल्यावर कळले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा मासा कोणता?

गोल्डफिश हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा आहे. चीनमध्ये सुंग राजवटीत (इ. स. ९६० ते १२७९) लोक लाल-सोनेरी मासे निवडून तळ्यांत पाळू लागले. पुढे मिंग राजवटीत हे मासे भांड्यांतून घरात आले, आणि आखूड अंगाच्या, दुहेरी शेपटीच्या शोभेच्या जाती निपजू लागल्या. डोक्यावर मांसल टोपी असलेला ओरांडा, फुगीर डोळ्यांचा काळा मूर या त्यांपैकीच. चांगली निगा राखली तर शोभेची जात दहा-पंधरा वर्षे जगते. साध्या एकेरी शेपटीचा मासा तर याहूनही चिवट. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला असा एक मासा १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला. तेव्हा दहा दिवसांत मासा मेला तर दोष त्याच्या नाजूकपणाचा नसतो, आपल्या निगेचा असतो.

विष येते कुठून?

हे शेतकऱ्याला चटकन समजेल. गोठा दोन दिवस झाडला नाही तर डोळ्यांना झोंबणारा वास येतो. तो अमोनिया. मासाही आपल्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. न खाल्लेले अन्न तळाशी कुजले की त्यात आणखी भर पडते. नदीत तो वाहून जातो. पाच लिटरच्या भांड्यात मात्र मासा त्यातच श्वास घेतो. त्याचे कल्ले पोळतात, तो वर येऊन तोंड उघड-मीट करू लागतो. आपल्याला वाटते, त्याला भूक लागली. आणि आपण आणखी एक चिमूट टाकतो!

ताजे शेण आपण पिकाच्या मुळाशी घालीत नाही. खड्ड्यात कुजवून, मुरवून घालतो. पाण्यालाही असेच मुरावे लागते. डोळ्यांना न दिसणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खड्यांत वस्ती करतात. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून टाकी आधी आणावी, मासा मागाहून. टाकीत पाणी भरून फिल्टर सुरू ठेवावा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावे. कुणाकडे निरोगी मासे असलेली जुनी टाकी असेल, तर तिच्या स्पंजाचा तुकडा आपल्या फिल्टरात घालावा; वस्ती लवकर जमते. पाणी तपासण्याचे थेंबांचे संच दुकानात मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की अर्धे पाणी बदलून पहिला मासा सोडावा.

येथे घरच्या आरोग्याची एक गोष्ट सांगून ठेवतो. रासायनिक खतांचा मारा असलेल्या शिवारात विहिरीच्या व बोअरच्या पाण्यातही नायट्रेट उतरते. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. तान्ह्या मुलाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर त्याच्याही रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. घरात तान्हे बाळ असेल तर पाणी तपासून घ्यावे.

टाकी आणि पाणी

गोल भांडे बाद करावे. पहिल्या माशाला निदान ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर पाणी धरावे. ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच टाकी काठाखाली चार-पाच सेंटिमीटर सोडून भरली, तर सुमारे सव्वाशे लिटर पाणी मावते. दोन माशांना ती पुरे. नुसत्या पाण्याचेच वजन सव्वाशे किलो होते, तेव्हा टेबल भक्कम असावे. टाकी उन्हात ठेवू नये.

दर आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांना आणि जिवाणूंना मारते. ते पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवण्याचे थेंब टाकावेत. विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल, तर त्या दिवशी ते पाणी टाकीत घेऊ नये. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते उंचावरून दोन-चार वेळा ओतून घ्यावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो पिळावा, नाहीतर महिन्याभराच्या कष्टाने जमलेली वस्ती एका मिनिटात जाते.

या माशांना १८ ते २४ अंश तापमान मानवते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणून एप्रिल-मेमध्ये खाद्य कमी करावे आणि हवेचा पंप चालू ठेवावा. वीज गेली तर त्या वेळी खायला घालू नये; अधूनमधून तांब्याने टाकीतलेच पाणी वर घेऊन ओतत राहावे.

खाणे

गोल्डफिशला पोटाची पिशवी नसते. अन्न सरळ आतड्यात जाते. त्यामुळे पोट भरल्याचे त्याला कळत नाही म्हटले तरी चालेल. दिसेल तेवढे तो खातो. दिवसातून दोनदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. बुडणारे दाणेदार खाद्य घ्यावे आणि क्षणभर पाण्यात भिजवून टाकावे. तरंगते खाद्य खाताना मासा हवाही गिळतो. आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. एखाद्या दिवशी उकडून साल काढलेला मटारचा दाणा किंवा वाफवलेला पालक बारीक करून द्यावा. भाकरी, भात, चुरमुरे, बिस्किटे देऊ नयेत. खाद्याचा डबा घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात असावा, हा सर्वांत मोलाचा नियम.

फवारणीचा हात

शेतकऱ्याच्या घरात माशांना आणखी एक धोका असतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी कीटकनाशके माशांना अतिशय विषारी आहेत. अगदी अंशमात्रही पुरते. फवारणी करून आल्यावर साबणाने हात धुऊन, कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये. औषध कालवण्याची बादली कितीही धुतली तरी टाकीसाठी वापरू नये. माशांसाठी एक वेगळीच बादली ठेवावी. डास मारण्याच्या कॉइल आणि विजेवरच्या औषधांतही याच वर्गातली द्रव्ये असतात, आणि पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. तेव्हा टाकीच्या खोलीत ती लावू नयेत.

आजार

मासा सुस्त दिसला तर औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासावे आणि थोडे बदलावे. निम्मे आजार तिथेच आटोपतात. शोभेच्या जातींत अंग आखूड केल्यामुळे आतड्याला आणि हवेच्या पिशवीला जागा कमी पडते. मासा उलटा किंवा तिरका तरंगू लागला, तर दोन दिवस खाणे बंद ठेवून मग सोललेला मटार देऊन पाहावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, तर साधे मीठ पाण्यात विरघळवून घालावे: पहिल्या दिवशी लिटरला एक ग्रॅम, आणि पुढच्या दोन दिवसांत वाढवीत तीन ग्रॅमपर्यंत. मीठ उडून जात नाही. जेवढे पाणी बदलाल तेवढ्यापुरतेच पुन्हा घालावे. नवा मासा आणला तर तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा, जसे बाजारातून आणलेले जनावर आपण काही दिवस वेगळे बांधतो.

कंटाळा आला म्हणून हे मासे नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत. तेथे ते वाढतात, पाणी गढूळ करतात आणि गावच्या माशांना रोग देतात. ज्याला ते हवे असतील त्याला द्यावेत.

टाकीतून काढलेले पाणी मात्र फुकट घालवू नका. ज्या पाण्यात मीठ किंवा औषध घातलेले नाही, ते परसातल्या केळीला आणि मिरचीला घाला. त्यातले नायट्रेट हे त्यांचे खतच आहे. आमच्याकडे आज दोन मासे आहेत आणि त्यांना चार वर्षे झाली. खाद्याचा डबा त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे असतो. इतर मुलांनी कितीही हट्ट केला तरी ती झाकण उघडत नाही.