विद्युत मोटारगाडी, वार्तांकन आणि दीर्घकालीन सेवाहमी : गुंतवणूकदाराच्या दृष्टिकोनातून एक विवेचन

प्रस्तावना :

मोटारगाडीची विक्री झाली म्हणजे उत्पादकाची जबाबदारी संपत नाही. हमीच्या काळातील दुरुस्ती, सुट्या भागांचा पुरवठा आणि सेवाकेंद्रांची व्यवस्था ही जबाबदारी पुढे अनेक वर्षे चालू राहते. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचा उत्पादक बंद पडला, तरी बाहेरचा कुशल मेकॅनिक व बाजारात मिळणारे सुटे भाग यांच्या आधारे ती गाडी काही काळ रस्त्यावर राहू शकते. विद्युत मोटारगाडीच्या बाबतीत हा आधार तुलनेने दुबळा आहे. तिची बॅटरी महाग असते, तिचे सॉफ्टवेअर उत्पादकाच्या ताब्यात असते आणि अनेक सुविधा उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडलेल्या असतात. म्हणूनच अशा कंपनीचे समभाग घेणाऱ्याने ‘आज किती गाड्या विकल्या?’ या प्रश्नाबरोबरच ‘विकलेल्या गाडीच्या पाठीशी दहाव्या वर्षी कोण उभे असेल?’ हाही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. प्रत्यक्षात मात्र गुंतवणूकदारांची चर्चा बहुतेक वेळा वृत्तपत्रातील ताज्या बातमीभोवती फिरते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील टेस्ला या कंपनीच्या उदाहरणावरून या दोन बाबींचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

उद्दिष्टे :

१) विद्युत मोटारगाड्यांविषयीचे वार्तांकन कोणत्या प्रकारे दिशाभूल करते, हे स्पष्ट करणे.
२) वार्तांकन, भांडवल उभारणी व ग्राहकसेवा यांतील संबंध पाहणे.
३) दीर्घकालीन सेवेची जबाबदारी हिशेबपत्रकांतून कशी ओळखावी, याचे विवेचन करणे.

१. वार्तांकनातील दिशाभुलीचे स्वरूप :

टेस्लाची स्थापना २००३ मध्ये झाली आणि जून २०१० मध्ये प्रतिसमभाग १७ डॉलर या दराने तिचे समभाग प्रथमच जनतेस विक्रीस आले. २०१२ मध्ये ‘मॉडेल एस’ ही गाडी ग्राहकांच्या हाती पडू लागली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या गाडीच्या हिवाळ्यातील दीर्घ प्रवासाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या प्रवासात गाडी वाटेतच बंद पडून अखेर ट्रकवर चढवून न्यावी लागली. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी हा वृत्तांत बनावट असल्याचा आरोप केला आणि गाडीत साठलेली विदा प्रसिद्ध केली. वृत्तपत्राच्या वाचक-प्रतिनिधी संपादक मार्गारेट सुलिव्हन यांनी चौकशी करून आपले मत मांडले. वार्ताहराचा हेतू शुद्ध होता, परंतु त्याच्या नोंदी पुरेशा काटेकोर नव्हत्या आणि प्रवासातील त्याचे काही निर्णय योग्य नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दिशाभूल होण्यासाठी खोटेपणाच असावा लागतो असे नाही. ढिसाळ नोंद आणि ठसठशीत छायाचित्र एवढेही पुरेसे होते.

दुसरा प्रकार विरळ घटनेला मिळणाऱ्या अवाजवी महत्त्वाचा. ऑक्टोबर व नोव्हेंबर २०१३ मध्ये मॉडेल एस गाड्यांना आग लागण्याच्या तीन घटना घडल्या. बातम्या सर्वत्र पसरल्या आणि समभागाचा भाव घसरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी सुरू केली. कंपनीने गाडीच्या तळाशी टायटॅनियमचे संरक्षक कवच बसविण्यास आरंभ केल्यानंतर मार्च २०१४ मध्ये ती चौकशी बंद झाली. आगीच्या बातमीला मिळालेली जागा चौकशी संपल्याच्या बातमीला सहसा मिळत नाही, हा या क्षेत्रातील नेहमीचा अनुभव आहे.

दिशाभूल प्रतिकूल बाजूनेच होते, असेही नाही. आगीच्या पहिल्या घटनेनंतर मस्क यांनी केलेली तुलना पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील सर्व मोटारगाड्यांचा विचार करता सुमारे २ कोटी मैलांमागे आगीची एक घटना घडते, तर टेस्लाच्या बाबतीत १० कोटींहून अधिक मैलांमागे एक, असे त्यांचे प्रतिपादन होते. या आकड्यांत एक अडचण होती. एका बाजूस जुन्या-नव्या सर्व गाड्या होत्या, तर दुसऱ्या बाजूस जेमतेम वर्षभर वापरलेल्या. वयाने समान गाड्यांची तुलना केल्याशिवाय असा निष्कर्ष पक्का मानता येत नाही. पुढे ७ ऑगस्ट २०१८ रोजी मस्क यांनी ४२० डॉलर दराने कंपनी खासगी करण्याचा विचार असून निधीची निश्चिती झाल्याचे ट्विटरवरून जाहीर केले. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने हे विधान दिशाभूल करणारे असल्याचा दावा दाखल केला. तडजोडीत मस्क व कंपनी यांना प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड भरावा लागला आणि मस्क यांना अध्यक्षपद सोडावे लागले.

येथे गुंतवणूकदारांच्या हितसंबंधांचाही विचार करावा लागतो. समभाग धारण करणाऱ्यास भाव वाढावा असे वाटते. समभाग उसने घेऊन आधी विकणाऱ्या आणि भाव उतरल्यावर परत घेणाऱ्या सटोडियास भाव पडावा असे वाटते. दोघेही स्वतःस अनुकूल बातमी ‘सत्य’ आणि प्रतिकूल बातमी ‘अपप्रचार’ ठरविण्यास उत्सुक असतात.

२. वार्तांकन, भांडवल आणि सेवा यांचा संबंध :

प्रस्थापित कंपनी नफ्यातून सेवाकेंद्रे उभारू शकते. नवोदित कंपनीस मात्र त्यासाठी बाजारातून भांडवल उभारावे लागते आणि ते कोणत्या दराने मिळेल, हे समभागाच्या भावावर अवलंबून असते. टेस्लाने मे २०१३ मध्ये समभाग व परिवर्तनीय कर्जरोखे यांच्या विक्रीतून मोठा निधी उभारला आणि अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडून घेतलेले ४६.५ कोटी डॉलरचे कर्ज मुदतीपूर्वी नऊ वर्षे फेडले. भाव पडलेला असता, तर हाच निधी अधिक महाग पडला असता. अर्थात, चुकीच्या वार्तांकनाचा परिणाम भागधारकाच्या खिशापुरता मर्यादित राहत नाही. तो गाडी घेतलेल्या ग्राहकाच्या सेवेपर्यंत पोहोचू शकतो. त्याचप्रमाणे फाजील स्तुतीच्या जोरावर उभारलेले भांडवल सेवेऐवजी केवळ विस्तारावर खर्च झाले, तर तेही ग्राहकास घातक ठरते.

३. सेवेच्या प्रश्नाचे मंद स्वरूप :

आग ही एका दिवसाची बातमी असते. बॅटरीचा ऱ्हास ही अनेक वर्षे चालणारी प्रक्रिया असते. फेब्रुवारी २०१२ मध्ये टेस्लाच्या ‘रोडस्टर’ या पहिल्या गाडीविषयी एक तक्रार पुढे आली. बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत गाडी तशीच पडून राहिल्यास बॅटरी कायमची निकामी होते, तिची किंमत सुमारे ४०,००० डॉलर असून हे नुकसान हमीत बसत नाही, असे तिचे स्वरूप होते. ही बातमी कंपनीस प्रतिकूल होती, परंतु ती सेवेच्या मूळ प्रश्नास हात घालणारी होती. पुढील वर्षी, एप्रिल २०१३ मध्ये, कंपनीने मॉडेल एसच्या बॅटरीची हमी विस्तारली आणि मालकाने सूचना पाळल्या नाहीत तरी सर्वसाधारणपणे ती लागू राहील असे जाहीर केले. प्रतिकूल बातमी आणि दिशाभूल करणारी बातमी यांत फरक करावा लागतो, तो यासाठी.

दुसरे उदाहरण ड्राइव्ह युनिटचे, म्हणजे चाकांना गती देणाऱ्या मोटर-गिअर संचाचे. ऑगस्ट २०१४ मध्ये टेस्लाने या संचास मैलांची मर्यादा न ठेवता आठ वर्षांची हमी दिली आणि ती आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू केली. यामुळे हमीसाठीची तरतूद वाढवावी लागेल व नजीकच्या काळात नफा काहीसा घटेल, असेही मस्क यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने ऑगस्ट २०१५ मध्ये मॉडेल एसच्या एका प्रकारास १०० पैकी १०३ गुण दिले, तेव्हा सर्वत्र कौतुक झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये मालकांच्या पाहणीत ड्राइव्ह युनिटसह अनेक तक्रारी आढळल्याने त्याच नियतकालिकाने आपली शिफारस मागे घेतली, तेव्हा भाव कोसळला. वस्तुतः या संचाचा प्रश्न किमान वर्षभर आधी हमीच्या विस्तारातून सूचित झाला होता. तो पाहण्यासाठी बातमीची नव्हे, कंपनीच्या अहवालाची पाने उलटावी लागत होती.

४. हमीची तरतूद कशी वाचावी?

गाडी विकली जाते त्याच वेळी भावी दुरुस्तीचा अंदाजित खर्च ‘तरतूद’ म्हणून हिशेबात धरला जातो. समजा, एखाद्या कंपनीने १०,००० गाड्या विकल्या आणि प्रत्येकी १,००० डॉलर तरतूद केली, तर एकूण तरतूद १ कोटी डॉलर होईल. पुढे प्रत्यक्ष खर्च प्रत्येकी १,५०० डॉलर झाला, तर वरचे ५० लाख डॉलर नंतरच्या वर्षांच्या नफ्यातून वजा होतील. म्हणजेच आज कमी तरतूद दाखविणारी कंपनी आजचा नफा फुगवून उद्याच्या भागधारकावर भार टाकत असते. म्हणून प्रतिगाडी तरतूद, प्रत्यक्ष झालेला खर्च आणि जुन्या अंदाजांत केलेले बदल या तीन बाबी सलग काही वर्षे तपासल्या पाहिजेत.

५. उत्पादकच बंद पडल्यास :

इस्रायलमध्ये बॅटरी बदलून देणारी केंद्रे उभारणारी ‘बेटर प्लेस’ ही कंपनी स्थापनेपासून प्रसिद्धीच्या झोतात होती. मे २०१३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि बॅटरी बदलून मिळेल या विश्वासावर गाडी घेणारे ग्राहक अडचणीत आले. अमेरिकेतील ‘फिस्कर’ कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिच्या ‘ओशन’ गाडीच्या मालकांना सॉफ्टवेअर व सुटे भाग मिळविण्यासाठी स्वतःची संघटना उभारावी लागली. शिल्लक गाड्या घेणाऱ्या कंपनीपुढेही त्या गाड्यांची विदा दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी कागदावरील आठ वर्षांची हमी देणारा जाग्यावर नसतो. सारांश, हमीचे मोल ती देणाऱ्याच्या आर्थिक बळाइतकेच असते.

६. भारतीय संदर्भ :

जुलै २०२५ मध्ये टेस्लाने भारतातील आपले पहिले विक्रीदालन मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. त्यापूर्वीच, जानेवारी २०२० मध्ये, टाटा मोटर्सने ‘नेक्सॉन ईव्ही’ बाजारात आणताना बॅटरीसाठी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी दिली होती. त्यामुळे हा प्रश्न आता परदेशापुरता राहिलेला नाही. भारतीय लेखा मानक ३७ मध्ये अशा दायित्वांच्या तरतुदींविषयी नियम आहेत. मोटार कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतील हमीविषयक टिपा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष वाचून घेतल्यास ‘तरतूद’ ही संकल्पना पाठ्यपुस्तकाबाहेर येऊन त्यांना चांगली समजू शकेल.

निष्कर्ष :

१) वार्तांकनातील दिशाभूल माध्यमांकडून, कंपनीकडून आणि हितसंबंधी गुंतवणूकदारांकडून, अशी तिन्ही बाजूंनी संभवते.
२) प्रतिकूल बातमी म्हणजे अपप्रचार नव्हे, सेवेचा खरा प्रश्न मांडणारी टीका ग्राहक व भागधारक या दोघांच्याही हिताची असते.
३) नवोदित कंपनीच्या बाबतीत वार्तांकनाचा परिणाम भांडवलामार्गे ग्राहकसेवेवर होऊ शकतो.
४) दीर्घकालीन सेवेची क्षमता हमीच्या तरतुदीतून व कंपनीच्या आर्थिक बळातून अधिक विश्वासार्हपणे कळते.

नाट्यमय घटनेवर वृत्तमाध्यमे स्वभावतः भर देतात. मंद गतीने साचणारे दायित्व मात्र हिशेबपत्रकाच्या टिपांत पडून राहते. गुंतवणूकदाराने बातमी अवश्य वाचावी, परंतु निर्णय त्या टिपा वाचल्यानंतरच घ्यावा. कारण त्याने गुंतविलेला पैसा आणि ग्राहकाने विश्वासाने घेतलेली गाडी, या दोहोंचे भवितव्य अखेर एकाच वचनपूर्तीवर अवलंबून असते.