वरकस, मजगी आणि बांध

‘टेरेस गार्डन’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गच्चीवरील कुंड्या येतात. ओसाड उतार पायऱ्यापायऱ्यांनी सपाट करून तेथे लागवड करणे, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ शहरी मराठीत रुजला नाही. मलबार हिलवर जलाशयाच्या माथ्यावर वसविलेली फिरोजशहा मेहता बाग लोकांच्या तोंडी अजूनही ‘हँगिंग गार्डन’च आहे. परंतु यावरून या क्रियेला मराठीत शब्दच नाही, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. कोकणात, आणि म्हणून कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातही, तो आहे : मजगी.

मजगी म्हणजे उतार फोडून भातखाचरे तयार करणे. उताराला आडवा बांध घालावयाचा, वरच्या बाजूची माती खणून खालच्या बाजूला भरावयाची, आणि जादा पाण्याला सांडवा ठेवावयाचा. वरची कसदार माती आधी बाजूला काढून शेवटी पुन्हा पसरली नाही, तर खालचा मुरूम उघडा पडतो व पहिली काही वर्षे पीक हाती लागत नाही. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा सांडवा चुकला की बांध गेलाच. बागेची पायरी शोभेसाठी असेल, खाचराची पायरी पाणी उभे राहावे म्हणून असते.

मजगी होण्यापूर्वी हा उतार ‘वरकस’ असतो. या शब्दाचा अर्थ ‘हलकी जमीन’ एवढाच सांगितला तर तो अपुरा पडतो. वरकसावर नाचणी, वरी, तीळ अशी पिके आळीपाळीने घेतात व नंतर ती काही वर्षे विसाव्याला सोडतात. भाताच्या रोपासाठी जो राब भाजावयाचा, त्याचे गवत आणि पालापाचोळा याच उतारावरून येतो. सारांश, वरकस म्हणजे पडीक नव्हे. मजगी करताना हे विसरले, तर खाचर वाढते आणि राबाची सामग्री घटते.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. या भागातील ठाकूर व कातकरी समाजांकडे वनजमिनीवरील ‘दळी’ पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. त्याच्या नियमांनी सपाटीकरण, बांध यांसारख्या कायम सुधारणा पुरावा म्हणून मान्य केल्या आहेत. तसेच दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले कथनही. एकच पुरावा मात्र पुरत नाही. म्हणजे दगडमातीचा बांध आणि म्हाताऱ्याची बोली ही दोन्ही येथे दस्तऐवज ठरतात. बांध जागचा हलत नाही. बोली मात्र कागदावर उतरताना बदलते. सांगणारा ‘वरकस’ म्हणतो आणि लिहिणारा, प्रमाण मराठीच्या सवयीने, ‘पडीक’ लिहितो. विसाव्याला सोडलेली कसती जमीन अशा रीतीने एका शब्दाने कधीच न कसलेली होते.