हाक कोणाची?

रात्री दोनच्या सुमारास पलीकडच्या खाटेवरून हाक येते. लेक किंवा सून उठते, पाणी देते, पांघरूण सारखे करते आणि पुन्हा आडवी होते. वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की घरोघरी हाच क्रम सुरू होतो. अशा वेळी ख्रिस्ती घरांतून एक खंत ऐकू येते : प्रार्थनेला धड बसता येत नाही, मग देवाचे मार्गदर्शन कळावे तरी कसे?

पवित्र शास्त्रातील शमुवेलाची कथा अशाच एका रात्रीची आहे. एली याजक वृद्ध झाला होता. त्याला धड दिसत नव्हते. त्याच्या सेवेत असलेल्या बाल शमुवेलाला हाक ऐकू आली. ती एलीचीच, असे समजून तो तीनदा धावत गेला. हाक देवाची आहे, हे अखेर ओळखले ते एलीने. वृद्धाच्या हाकेला उठण्याची सवय असलेल्या मुलाच्या कानी देवाची हाक पडली, आणि दृष्टी गमावलेल्या वृद्धाने तिचा अर्थ सांगितला. मार्गदर्शन ओळखण्यासाठी दोघेही लागले. म्हणून सेवा करणाऱ्याने आपली कोंडी आजारी वडिलांपुढे, आजीपुढे जरूर मांडावी. त्यांचे हातपाय थकले, तरी त्यांचा अनुभव थकत नाही.

ओळख पटायला वेळ लागतो, हे सांगणारी एक घटना भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या लोहमार्गावरची आहे. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात होते. गाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला आणि वाचण्याची विनंती केली. टिळकांनी शब्द दिला व पाळला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते विशेष गुंतले. तरीही निर्णय गाडीतून उतरताच झाला नाही. वाचन, शंका आणि मनःस्ताप यांतून जाऊन १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना तो निर्णय फार जड गेला. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो आणखी सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. एकाच घरातील दोघांनाही हाक एकाच दिवशी ऐकू येत नाही. घरातील मोठे निर्णय घेताना हे स्मरणात असावे.

थकलेल्या माणसाने एलीया संदेष्ट्याचेही स्मरण करावे. जिवाला कंटाळून तो रानात झाडाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. वारा, भूकंप आणि अग्नी यांनंतरचा मंद आवाज त्याला ऐकू आला तो त्यानंतर. अपुऱ्या झोपेत प्रत्येक विचार काळाच वाटतो. त्यामुळे मोठा निर्णय रात्रीच्या जागरणात घेऊ नये. शेजारपाजाऱ्यांची किंवा मंडळीतील कोणाची मदत घेऊन एक रात्र पूर्ण झोपावे. हीदेखील प्रार्थनेची तयारीच आहे.

रोज दहा मिनिटे पुरतात. शास्त्रातील थोडासा भाग वाचावा, स्तब्ध बसावे आणि आजच्या दिवसात कोठे शांती लाभली व कोठे मन कठोर झाले, हे आठवावे. जो विचार शास्त्राशी जुळतो, प्रीती वाढवतो आणि विश्वासू माणसाला सांगताना संकोच वाटत नाही, तो मार्गदर्शनाचा असण्याचा संभव अधिक.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. औषध बंद करण्यास सांगणाऱ्या आवाजाला देवाची आज्ञा मानू नये. आधी डॉक्टरांशी बोलावे. वृद्ध व्यक्ती एकाएकी गोंधळली, तिला नसलेली माणसे दिसू लागली किंवा आवाज ऐकू येऊ लागले, तर ते दर्शन समजून थांबू नये. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधाचा परिणाम यांमुळेही असे घडते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आज रात्री पुन्हा हाक येईल. ती आईची असेल, वडिलांची असेल. उठून जावे. शमुवेलही आधी त्याच हाकेसाठी उठला होता.