तांबड्या मातींतून ऑलिंपिकच्या गादीवर

कोल्हापूर आणि कुस्ती यांचें नातें महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नको. शाहू महाराजांनीं उभारलेल्या खासबाग मैदानाची तांबडी माती अनेक मल्लांच्या अंगाला लागली आहे. परंतु जागतिक स्पर्धेंत माती नसून गादी असते. या दोहोंमधील अंतर कै. खाशाबा जाधव यांनीं कसें तोडलें, हें समजून घेण्यासारखें आहे.

खाशाबांचा जन्म १९२६ सालीं कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवीं झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत शिकत असतां, कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें ते १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले व फ्लायवेट गटांत सहावे आले.

सहावेच कां? मातींतली जुनी कुस्ती पाठ टेकेपर्यंत चाले; वेळेचें बंधन नसे. गादीवर मात्र वेळ ठरलेला. पाठ टेकली नाहीं तरी पंचांच्या कौलानें निकाल लागतो. शिवाय मातींत पाय रुततो, गादीवर हालचाल चपळ हवी. बळ तेंच, पण रीत निराळी. ती रीत आत्मसात करण्यासाठीं खाशाबांनीं पुढील चार वर्षें खर्ची घातलीं.

१९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हां प्रश्न पैशाचा पडला. गांवकऱ्यांनीं वर्गणी गोळा केली. प्राचार्य खर्डेकर यांनीं तर आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. बँटमवेट गटांत खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविलें. जपानचा इशी व रशियाचा मामेदबेकोव्ह यांच्यापुढें ते हरले, तरी कांस्यपदक त्यांचें झालें. स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कऱ्हाडास शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण सत्कारांत न रमतां खाशाबांनीं कुस्त्या लढून पैसे मिळविले व गुरुजींचें घर सोडविलें. १९५५ सालीं ते पोलिस खात्यांत फौजदार झाले. १९८४ सालीं अपघातांत त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार लाभला तो मरणोत्तर.

असें दुसरें वैयक्तिक पदक भारतास मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. महाराष्ट्राला तर २०२४ पर्यंत थांबावें लागलें. तें कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिसमध्यें नेमबाजींत मिळविलें. मातीनें बळ दिलें खरें. परंतु नवी रीत शिकण्याची तयारी खेळाडूनें, आणि वेळेवर खर्चाची सोय समाजानें करावी लागते, हाच या कारकीर्दीचा बोध आहे.